बुधवारचा मासा

आमच्या धंद्यात 'क्विक' या शब्दाची अब्रू पार गेलेली आहे. 'क्विक कॉल' म्हणजे किमान पाऊण तास. 'क्विक फिक्स' म्हणजे शनिवार-रविवार गेलाच म्हणून समजा. आणि 'एक क्विक क्वेश्चन आहे रे' असं म्हणत कोणी खुर्ची ओढून शेजारी बसला, की चहा जागेवरच मागवायची तयारी ठेवायची. अशा या जगात 'क्विक' हे विशेषण बिनदिक्कत लावावं अशी मला माहीत असलेली एकच गोष्ट आहे: मसाला आणि रवा लावून तव्यावर तळलेली माशाची तुकडी.

तव्यात पडल्यापासून ताटात येईपर्यंत सात-आठ मिनिटं. बस्स. कांदा नीट लाल परतायला याहून जास्त वेळ लागतो. डाळीच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मासा तळून, तवा उतरवून, गॅसचा कट्टा पुसून होतो. तरीही माझ्या ओळखीतले झाडून सगळे आयटीवाले मासा म्हणजे रविवारचं मोठं प्रोजेक्ट समजतात आणि बुधवारी रात्री मोबाईलवरून पनीरचं काहीतरी मागवतात, जे पंचेचाळीस मिनिटांनी, गार होऊन, चुकीच्या विंगला पोचतं.

कोकणातल्या माणसाला मात्र आठवड्याच्या मधोमध मासे खायला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे हे वेळापत्रक पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. म्हणजे बघा, कामाच्या आठवड्यात दोन स्लॉट आधीच बुक! श्रावण आणि चतुर्थी हे ब्लॅकआउट पीरियड. इतकं स्थिर रिलीज कॅलेंडर मी अजून कुठल्याच कंपनीत पाहिलेलं नाही.

तर आमचं घर वाकडला. दोघंही नोकरी करणारे. बायको हिंजवडीतून पावणेआठच्या सुमारास सुटते, मी तिच्या थोडा आधी पोचतो, आणि साडेनऊला माझा अमेरिकेचा कॉल सुरू होतो. तिचे गुरुवारी-शुक्रवारी तसेच कॉल. लग्नाला दोन वर्षं होत आली. या दोन वर्षांत आमचं निम्मं संसारविषयक बोलणं चॅटवर झालं आहे ('गॅस बुक केलास?', 'पाण्याचा जार संपला'). सोमवार-मंगळवार पोळी-भाजीच्या मावशींवर निघतात. पण बुधवारी आठ दहा ते नऊ वीस ही सत्तर मिनिटं आमच्या दोघांची आहेत, आणि ती मी माशाला दिलेली आहेत.

सत्तर मिनिटांत स्वयंपाक, जेवण आणि भांडी बसवायची तर क्रिटिकल पाथ कुठला ते आधी पाहावं लागतं. माशाच्या बाबतीत तो तळणं हा नाहीच. तो आहे पाणी. माशाच्या तुकडीवर पाणी राहिलं की पुढचं सगळं बिघडतं. मसाला ओघळतो, रव्याचा चिखल होतो, तेल उडतं आणि मासा तळला न जाता वाफवला जातो. त्यामुळे खरं काम रविवारीच सुरू होतं. गणेश पेठेत किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटला सकाळी लवकर जायचं, मासा साफ करून तुकड्या पाडून घ्यायच्या, घरी आल्यावर धुऊन, अगदी कोरड्या पुसून, जेवणापुरत्या वेगळ्या पिशव्यांत हवा काढून फ्रीझरमध्ये टाकायच्या. मसाला न लावता. मीठ आणि आंबट लावून ठेवलेला मासा तीन दिवसांनी काढलात तर तो पिठूळ लागतो. बुधवारी सकाळी निघताना एक पिशवी फ्रीझरमधून काढायची, तुकड्या चाळणीत, चाळणी भांड्यावर, वर झाकण, आणि हे सगळं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. दिवसभर आपण ऑफिसात गळतो तसा तो इकडे गळत राहतो. संध्याकाळी भांड्यात जमलेलं पाणी बघून समाधान होतं.

आठ दहा. भात लावायचा. तुकड्या जुन्या धुतलेल्या पंचाने टिपायच्या, मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ लावून ताटलीत पसरायच्या. आगळ का, तर नुसत्या चवीसाठी नव्हे. समुद्रातल्या माशाला जो टिपिकल वास येतो तो ट्रायमिथाइलअमीन नावाच्या पदार्थाचा. हा पदार्थ हवेत उडतो म्हणून तर नाकापर्यंत पोचतो. आंबट लागलं की त्याचा क्षार होतो आणि क्षार उडत नाही. आपल्या आज्यांनी केमिस्ट्रीचं पुस्तक न उघडता हे सोडवून ठेवलेलं आहे. आगळ नसेल तर लिंबू, चिंचेचा कोळ, काहीही चालेल. पण दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. त्यापुढे आंबट माशाला बाहेरून 'शिजवायला' लागतं, तुकडी पांढुरकी आणि कडक होते. 'रात्रभर मॅरिनेट करा' असं जे लोक सांगतात ते बहुधा कोंबडीबद्दल बोलत असतात. आणि तसंही मसाला आत फारसा शिरत नाहीच. तो वरच बसतो. वरच बसू द्या की! सगळी मजा त्या वरच्या पापुद्र्यात तर आहे.

याबाबतीत आमच्या मातोश्रींचं मत एका वाक्याचं आहे. वेंगुर्ल्याहून फोनवर मला दर वेळी ऐकवलं जातं, "माशाक फार छळू नको."

आठ पंचवीस. आलं-लसूण बारीक वाटलेलं, मालवणी मसाला, रंगासाठी थोडं बेडगीचं तिखट, चमचाभर पाण्यात घट्ट कालवायचं. पातळ नको, भिंतीला पुट्टी मारतात तसं. ते दोन्ही बाजूंना चोळायचं. मग एका ताटात तीन वाट्या रव्याला एक वाटी तांदळाचं पीठ, या प्रमाणात (म्हणजे दोघांसाठी वाट्या नव्हेत, चमचे घ्या) मिसळून त्यात तुकडी दाबायची. बारीक रव्याने कुरकुरीतपणा येतो, तांदळाच्या पिठाने मधल्या फटी बुजतात. आणि हे करायचं तव्यात टाकायच्या अगदी आधी. रवा लावून मासा ठेवून दिला आणि कोणाचा फोन घेतला, की रवा खालचं पाणी पिऊन फुगतो आणि मग तुम्ही माशाचा उपमा खाता.

तवा बिडाचा असेल तर उत्तम. तेल कंजुषी न करता, दोन-तीन मोठे चमचे. चिमूटभर रवा टाकून बघायचा, लगेच तडतडला की तुकड्या सोडायच्या आणि हात मागे घ्यायचे. हा हात मागे घेणं सगळ्यात अवघड. प्रत्येकाला कालथा घेऊन खालून डोकवायचं असतं. सुरुवातीला मासा धातूला धरतो. खालचा थर वाळून खरपूस झाला की आपण होऊन सुटतो. चार मिनिटं थांबा, कडा सोनेरी दिसतील, मग एकदाच उलटा. दुसऱ्या बाजूला तीन मिनिटं. झाकण अजिबात ठेवू नका. अर्धा-पाऊण इंच जाडीच्या सुरमईच्या तुकडीचं हे गणित आहे, अख्ख्या पापलेटाला चिरा देऊन थोडा जास्त वेळ लागतो.

एवढ्यात मासा शिजतो कसा, हा प्रश्न मला बायकोने पहिल्याच बुधवारी विचारला होता. उत्तर मस्त आहे. बकऱ्याला स्वतःचं वजन पायांवर तोलत डोंगर चढायचा असतो, माशाला पाणीच तोलून धरतं. त्यामुळे माशाचे स्नायू आखूड, थराथरांनी रचलेले, आणि थरांना बांधणारा पडदा अगदी पातळ. मटणातला चिवटपणा घालवायला तास लागतो, इथे तो पडदा कमी तापमानालाच विरघळतो. म्हणून तर शिजलेला मासा बोटाने दाबला की पाकळ्या सुटतात. पाकळ्या सुटल्या की गॅस बंद.

हा प्रश्न विचारणारी बायको अकोल्याची. तिच्या माहेरी मटण जोरात, मासा क्वचित, आणि तोही नदी-तलावातला रोहू. रोहूच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे विखुरलेले असतात. लहानपणी त्यातला एक तिच्या घशात अडकला होता. कोरड्या भाताचे गोळे, केळी, आजीचे मंत्र, सगळं झालं. तेव्हापासून मासा म्हणजे काटा म्हणजे नको, हे समीकरण पक्कं. म्हणून पहिले सहा महिने आमचा बुधवार बासावर निघाला. सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये पांढरीशुभ्र, बिनकाट्याची, बिनवासाची जी लादी मिळते ती. हा मुळात व्हिएतनाममधल्या मेकाँगच्या मुलखातला, गोड्या पाण्यातला मासा. त्याचा भाऊबंद आता आंध्रातल्या तळ्यांतही मोठ्या प्रमाणावर वाढवतात. कोकणी लोक बासाला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. तो मत नसलेला मासा आहे. मीटिंगमध्ये सगळ्यांना 'येस' म्हणणारे असतात ना, तसा. तुम्ही जो मसाला लावाल तीच त्याची चव. फक्त त्यात पाणी फार, त्यामुळे गळू द्यायचा जास्त, आणि मसाल्याच्या आधी तांदळाचं कोरडं पीठ भुरभुरायचं.

नंतर आली सुरमई. तुकडीत मधोमध मणका, पोटाकडे मोजके ठसठशीत काटे, डोळ्यांना दिसणारे. काटा कुठे असणार ते माहीत असलं की भीती निम्मी होते. पापलेट मात्र बुधवारी आम्हाला परवडत नाही. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटाला राज्यमासा केलं, त्याच वर्षी लहान मासळी मारली जाऊ नये म्हणून ५४ जातींना किमान लांबीही ठरवून दिली. तरी बाजारात तळहाताएवढी पिल्लं दिसतातच. ती घेत नाही आम्ही. सण असला की एक मोठं, नाहीतर सुरमई, रावस, हलवा, आणि मिळाले तर मुडदुशे. 

सुरमई आल्यावर एक गंमत लक्षात आली. बासा असताना आम्ही जेवता जेवता फोन बघायचो. एका हातात काटा-चमचा (तो दुसरा काटा), दुसऱ्या हातात मोबाईल. काट्याच्या माशाला हे चालत नाही. उजव्या हाताची पाचही बोटं मसाल्याने माखलेली, डाव्या हाताने तुकडी धरलेली, नजर ताटात. फोन दोनदा थरथरतो आणि गप्प बसतो. बनवायला सात मिनिटं लागलेली तुकडी खायला वीस मिनिटं लागतात. मग बोलण्याशिवाय करणार काय?

गेल्या महिन्यात एका बुधवारी असंच मणक्याच्या कडेचं सोडवता सोडवता ती म्हणाली, "अरे, हैदराबादची ऑफर आलीये. टीम लीड. सोमवारपर्यंत सांगायचंय."

दुसऱ्या कुठल्या वारी ती बातमी मला चॅटवर आली असती आणि मी अंगठा पाठवला असता. इथे अंगठा मसाल्यात होता. मी विचारलं, "किती दिवसांसाठी?" ती म्हणाली, "दीड वर्ष तरी." मग बराच वेळ नुसतेच काटे ताटाच्या कडेला लागत होते. तिने पुढे विचारलं, "मी हो म्हणाले तर तू चिडशील?" मी म्हटलं चिडणार नाही, पण मला आवडणारही नाही, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यावर तिने माझ्या ताटात तिच्या तुकडीचा पोटाकडचा भाग ठेवला. तो सगळ्यात चवदार असतो हे आता तिलाही माहीत आहे. नऊ वीसला मी कॉलवर 'कॅन यू हिअर मी' म्हणत होतो आणि ती आत अकोल्याला फोन लावत होती.

ती जाते आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला. शनिवार-रविवार कोण कुठे येणार याची एक एक्सेल शीट झालेली आहे (आम्ही दोघंही इंजिनिअर, दुसरं काय होणार). गेले दोन बुधवार तवा तिच्या हातात आहे. मी बाजूला स्टुलावर बसतो आणि कालथ्याकडे गेलेला तिचा हात बघून न बघितल्यासारखं करतो. परवा सुरमई एकदाच उलटली, अख्खी, रव्यासकट.

तिकडच्या फ्लॅटवर इंडक्शन आहे. बिडाचा तवा इंडक्शनवर चालतो, मी खात्री करून घेतली. तो तिच्या बॅगेत जाईल, मसाल्याची बरणी आणि आगळाच्या दोन बाटल्याही, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून. तिकडची घरमालकीण 'नॉन-व्हेज चालेल, पण वास नको' म्हणाली आहे. फ्रीझरमध्ये अजून चार पिशव्या आहेत, आणि १ जूनला मासेमारीबंदी सुरू व्हायच्या आत मला आणखी काही भरून ठेवायच्या आहेत. त्यातली एक थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून रात्रीच्या बसने हैदराबादला नेता येते का, याची चौकशी चालू आहे.