माप माझंच

सांगायचं तर मिशीपासून सांगावं लागेल. आमच्या घरात बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढायची नाही. काढली तर लोक पहिलं हेच विचारणार, "बाबा गेले काय?" त्यामुळे माझ्या सुरुवातीच्या सगळ्या फोटोंत पदर नाकापर्यंत ओढलेला आहे. आईचं नऊवारी लुगडं, ठसठशीत कुंकू, दोन डोळे आणि त्याखाली पदर. बघणाऱ्याला ती नवी सून वाटली असती. पण बघणारं कोणी नव्हतं.

साल १९९४. मी तेवीस वर्षांचा. राहायला अचलपुरात, आणि परतवाड्याच्या एका स्टुडिओत उमेदवारी करत होतो. स्टुडिओचं काम पेंटॅक्स के १००० वर चालायचं. त्या कॅमेऱ्याला सेल्फ टायमर नाही. म्हणून मी कपाटातला जुना झेनिट मागून घरी न्यायचो. त्याचा खटका ओढला की दहाएक सेकंद घरघर चालायची. तेवढ्यात पाटावर जाऊन बसायचं, पदर सावरायचा, हात मांडीवर ठेवायचे. घरातले सगळे बहिरमच्या जत्रेला गेले की मी काहीतरी निमित्त काढून मागे राहायचो. इतरांना बहिरम म्हणजे हंडीतलं मटण आणि रोडगे. मला बहिरम म्हणजे रिकामं घर.

रंगीत रोल आम्ही अमरावतीला धुवायला पाठवायचो. तिथं प्रत्येक फोटो दोन-चार जणांच्या नजरेखालून जाणार. कृष्णधवल मात्र मागच्या खोलीत आम्हीच करायचो. ती खोली नसती तर मी आज हे लिहूच शकलो नसतो. मालक जेवायला गेले की आतून कडी लावायची आणि लाल दिवा लावायचा. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवत राहायचा. आधी काळं उमटतं. केस, बुबुळं, पदराचा काठ. उजळ भाग मागाहून भरत जातो, त्यामुळे चेहरा हळूहळू येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी कागद हायपोत टाकायचा विसरलो आणि फोटो काळवंडत गेला. आरशात मी स्वतःला असं अनेकदा पाहिलं होतं, पण आरशापुढे कान कायम दाराकडे लागलेले असत. कागदावरची बाई शांत बसली होती. तिला कोणाची भीती नव्हती.

प्रिंट मी चुलीत घालायचो. निगेटिव्ह जाळवत नसत. त्या पोथीच्या पानांत ठेवायचो.

पुष्कळ वर्षांनी मी 'कासा सुसाना'बद्दल वाचलं. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरांत १९५० आणि ६० च्या दशकांत हे घर होतं. संसारी, नोकरदार पुरुष शनिवार-रविवारी तिथं येऊन बायकांच्या कपड्यांत राहत, स्वयंपाक करत, पत्ते खेळत. आणि एकमेकांचे फोटो काढत. ते फोटो पुढे न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात कोणाला तरी सापडले आणि २००५ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यांनाही रोल बाहेर धुवायला देण्याची सोय नव्हती. हे वाचून मला भडभडून आलं. माझी लाल दिव्याची खोली एकट्याची नव्हती.

आपल्याकडे या गोष्टीला धड शब्द नाही. 'बायल्या' ही शिवी. 'नाच्या' हे तमाशातलं काम. तृतीयपंथी मी नाही. त्यांचं जगणं वेगळं आणि माझ्यापेक्षा फार कठीण आहे. मी पुरुष आहे, माझं बायकोवर प्रेम आहे, आणि मला साडी नेसून बसलं की जिवाला बरं वाटतं. इंग्रजीतून आलेला क्रॉसड्रेसर हा शब्द मी वापरतो, पण तो आईला सांगता आला नसता.

आजोबांनी बालगंधर्वांना पाहिलं होतं. 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू यांच्याबद्दल बोलताना आजोबांचे डोळे भरून येत. बायका त्यांची साडीची धाटणी उचलत, असं ते सांगत. मी ऐकताना मनात म्हणायचो, आजोबा, मीही. पण बालगंधर्वांना रंगमंच होता. पडदा पडला की शालू खाली ठेवायचा आणि लोकांनी पाया पडायचं. मला घरात, दुपारी, नाटकाशिवाय नेसायचं होतं.

चिखलदरा आमच्यापासून जवळ. शाळेची सहल दरवर्षी तिथंच. हीच विराटाची नगरी, भीमानं कीचकाला याच दरीत टाकलं आणि भीमकुंडात हात धुतले, हे वऱ्हाडातल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. सर भीमाचं तेवढं रंगवून सांगत. त्याच विराटाच्या वाड्यात वर्षभर अर्जुन बृहन्नडा होऊन राहिला, उत्तरेला नाच शिकवत होता, हे सांगायची वेळ आली की बसचा भोंगा वाजायचा. धनुष्याच्या दोरीचे वण झाकायला त्यानं बांगड्या भरल्या होत्या. हे मी पुढे स्वतः वाचलं आणि आमच्या डोंगराकडे बघायची माझी नजर बदलली.

बाबा २००७ मध्ये गेले. दहाव्याला न्हाव्यानं डोकं केलं आणि मिशीही उतरवली. बाप गेल्याचं दुःख खरं होतं. रात्री आरशात ओठ दिसला तेव्हा जे वाटलं तेही खरं होतं, आणि त्याबद्दल मी स्वतःला बरीच वर्षं माफ केलं नाही. मिशी पुन्हा ठेवली नाही. तोवर डिजिटल कॅमेरा आला होता. रोल नाही, लॅब नाही. मी लग्नाची कामं घ्यायचो, नवरीला खिडकीजवळ बसवायचो, मान किंचित कलती, प्रकाश एका गालावर. तेच घरी स्वतःवर करून बघायचो. माझे हात मोठे आहेत. आधी ते लपवायचो, मग मांडीवर उघडे ठेवायला लागलो.

२०२० मध्ये टाळेबंदीत लग्नं थांबली. एके दुपारी मी एक फोटो छापला आणि बायकोसमोर ठेवला. तोंडानं सांगणं जमलं नसतं.

"हे कोन होय?"

"मी."

तिनं फोटो उजेडात नेऊन पाहिला. "तुम्हाले बाई व्हायचं हाय काय?"

"नाही."

"मंग लग्नाआधी काहून नाही सांगतलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिनं सगळे फोटो मागितले. दोन तास एकेक पाहिला. एका फोटोवर थांबली. तिचा लग्नाचा शालू होता. तेव्हा ती रडली. "माह्या शालूले न इचारता हात लावला तुम्ही." चोरी मी तिच्याशी केली होती, आणि तिला लागलं ते तेच. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एका रात्री विचारलं, हा गुन्हा तं नाही ना? मी तिला १५ एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं सांगितलं. निकाल तृतीयपंथीयांच्या हक्कांचा आहे, पण माणसानं पेहरावातून स्वतःला व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "माह्या कपड्यायले हात लावायचा नाही. पाहिजे तं तुमचे तुम्ही घ्या."

धाकट्या भावाला सांगितलं. तो येत नाही.

साडी घेणं सोपं गेलं, पुरुष साड्या घेतातच. ब्लाउज अवघड. मी परतवाड्यात एका शिंप्याकडे गेलो, कापड ठेवलं. त्यानं वही उघडली.

"माप कोनाचं?"

"माझंच."

त्यानं फीत गळ्यातून काढता काढता विचारलं, "नाटक हाय काय, भाऊ?"

हो म्हणता आलं असतं. आजोबांचे बालगंधर्व माझ्या मदतीला उभे होते. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती.

"नाही," मी म्हणालो. "मलेच घालाचं हाय. घरी."

तो थोडा थांबला. मग म्हणाला, "हात वर करा."

त्या ब्लाउजमधला फोटो बायकोनं काढला. मान किती कलती ठेवायची हे तिनंच सांगितलं. शिंप्याच्या वहीत माझं माप माझ्याच नावानं लिहिलेलं आहे. छाती ४०, बाही १०.