भत्त्यातली गाडी

मुलांनो, आज तुम्हाला एक गणित घालते. घाबरू नका, पाढे म्हणायला लावणार नाही! पण मी पडले चौथीची बाई. गणित घातल्याशिवाय मला गोष्ट सांगताच येत नाही.

तर ऐका. एका गृहस्थांना कंपनीकडून गाडीसाठी दरमहा १५,००० रुपये भत्ता मिळतो. त्यांनी कर्ज काढून गाडी घेतली. कर्जाचा हप्ता आहे दरमहा १४,५०० रुपये. तर त्यांच्याकडे दरमहा किती रुपये उरतील?

"पाचशे!" म्हणालात ना? वजाबाकी अगदी बरोबर आहे. पण उत्तर मात्र चूक! कसं, ते सांगते. हे गणित कुठल्या पुस्तकातलं नाही, ते आमच्या घरातच सोडवलं गेलं.

आम्ही तळेगावला राहतो. मुलांचे बाबा चाकणच्या एका कारखान्यात काम करतात. इतकी वर्षं ते कंपनीच्या बसने जात-येत होते. गेल्या वर्षी त्यांना बढती मिळाली. नव्या कामात सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांत सारखं जावं लागतं. बसच्या वेळा पाळून ते जमणार कसं? म्हणून कंपनीने बढतीच्या पत्रातच लिहिलं, की तुम्ही स्वतःची गाडी घ्या, तिच्यासाठी आम्ही दरमहा १५,००० रुपये देऊ.

झालं! पत्र वाचून व्हायच्या आत घरात गाडी येऊन उभीसुद्धा राहिली. म्हणजे आमच्या मनात हो! थोरला आठवीत आहे. त्याला हवी होती उंच, दणकट, छताला काचेची सरकती खिडकी असलेली गाडी. धाकटी तिसरीत. तिची अट एकच, गाडी पिवळी हवी. सासूबाई म्हणाल्या, "मला रंगाचं काही नाही. फक्त चढता-उतरता आलं पाहिजे, आणि माझी घडीची खुर्ची मागे मावली पाहिजे." त्यांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांकडे नेताना त्यांना रिक्षात बसवायचं म्हणजे दोघांनी दोन्हीकडून धरावं लागतं.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे गाड्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने थोरल्याच्या मनातली गाडी बरोबर ओळखली! सगळे खर्च धरून तिची किंमत होत होती चौदा लाख. आमची शिल्लक होती पाच लाख. म्हणजे नऊ लाखांचं कर्ज. व्याजाचा दर शेकडा नऊ. पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता येत होता सुमारे १८,७०० रुपये. आमचे चेहरे पाहून तो तरुण हसला आणि म्हणाला, "सर, सात वर्षं करू या ना! हप्ता साडेचौदा हजारांवर येतो. तुमच्या भत्त्यातच बसतो की! गाडी फुकटच पडली म्हणा!"

थोरल्याने टाळी वाजवली. मी पर्समधून पेन काढलं.

घरी आल्यावर आम्ही सगळे वही घेऊन बसलो. मुलांनाही मुद्दाम बसवलं. त्या वहीत काय लिहिलं, ते पाहा.

पहिली ओळ. भत्ता १५,००० रुपये. पण तो पगारात मिळतो, म्हणून पगारासारखाच त्यावरही आयकर लागतो. आमच्या बाबतीत कर कापून हातात येणार होते सुमारे १२,००० रुपये.

दुसरी ओळ, पेट्रोल. तळेगाव ते चाकण जाऊन-येऊन आणि कामाच्या फेऱ्या धरून महिन्याला साधारण १,००० किलोमीटर. गाडी लिटरला २० किलोमीटर धावते असं समजू. म्हणजे ५० लिटर. हिशेब सोपा जावा म्हणून लिटरला १०० रुपये धरू. झाले ५,०००.

तिसरी ओळ, विमा. वर्षाचे २४,००० धरले. महिन्याला २,०००.

चौथी ओळ. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी. हे खर्च दर महिन्याला येत नाहीत, पण आले की एकदम येतात. म्हणून महिन्याला १,००० रुपये बाजूला.

बेरीज करा पाहू. पाच, दोन आणि एक, आठ हजार! बारातून आठ गेले, उरले चार. म्हणजे हप्त्यासाठी भत्त्यातले उरतात फक्त ४,००० रुपये. आणि हप्ता आहे १४,५००. उरलेले साडेदहा हजार दरमहा कुठून येणार? घरखर्चातून!

आता कळलं ना उत्तर कसं चुकलं? भत्त्यात हप्ता बसत होता, पण गाडी बसत नव्हती. गाडी नुसत्या हप्त्यावर चालत नाही, तिला रोज खायला लागतं.

आणखी एक गंमत पाहा. हप्ता लहान झाला म्हणजे गाडी स्वस्त झाली, असं आपल्याला वाटतं. पण नऊ लाखांचं तेच कर्ज पाच वर्षांत फेडलं तर सगळे मिळून सुमारे ११ लाख २१ हजार रुपये भरावे लागतात. सात वर्षांत फेडलं तर सुमारे १२ लाख १६ हजार. म्हणजे ९५ हजार रुपये जास्त! गाडी तीच, चाकं चारच. मोठ्या वर्गांतल्या मुलांनी हे चक्रवाढ व्याजाच्या रीतीने करून पाहावं.

"पण आई, भत्ता तर दर महिन्याला मिळणारच ना?" थोरल्याचा चेहरा पडला होता. त्याच्या वर्गातल्या दोन-तीन मित्रांकडे तसल्या गाड्या आहेत, हे मला ठाऊक होतं.

उत्तर त्याच्या बाबांनी दिलं. आमच्या इमारतीत एक काका राहायचे. त्यांनाही त्यांच्या कंपनीकडून असाच भत्ता होता. त्या भरवशावर त्यांनी मोठी गाडी घेतली. २०२० मध्ये टाळेबंदी आली, कामं थंडावली आणि कंपनीने भत्ते बंद केले. बँकेचा हप्ता मात्र बंद झाला नाही. शेवटी त्यांनी गाडी विकायला काढली. आली ती किंमत कर्ज फेडायलाही पुरली नाही! गाडी गेल्यावरही कितीतरी महिने ते तिचे पैसे भरत होते.

"माझ्या पत्रातही लिहिलंय," हे थोरल्याला म्हणाले, "हुद्दा बदलला किंवा नोकरी सुटली की भत्ता बंद. भत्ता एका ओळीच्या पत्राने थांबतो, बाळा. कर्ज तसं थांबत नाही."

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण तुम्ही निबंधात कितीदा तरी लिहिली असेल. पण अंथरूण नुसतं लांब आहे की नाही एवढंच पाहून भागत नाही. ते आपलं आहे की कुणी वापरायला दिलंय, हेही पाहावं लागतं!

मग आम्ही गणित उलटं मांडलं. भत्त्यात किती मोठी गाडी येईल, हा प्रश्न पुसून टाकला. वहीत नवा प्रश्न लिहिला : भत्ता उद्या बंद झाला, तर आपल्या दोघांच्या पगारात कोणती गाडी चालेल? उत्तर आलं, चार लाखांचं कर्ज, पाच वर्षांची मुदत. हप्ता सुमारे ८,३०० रुपये. म्हणजे शिल्लक धरून गाडी नऊ लाखांच्या आतली.

आता त्या पैशांत गाडी निवडायची. सीएनजीची गाडी पाहिली. इंधन स्वस्त पडतं. पण आम्ही पाहिलेल्या गाडीत टाकीने मागची बरीच जागा व्यापली होती. सासूबाईंची खुर्ची काही केल्या मावेना. विजेच्या गाडीचाही विचार केला. पण आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली गाडी लावायला आमच्या नावाची जागा नाही. चार्जिंग करणार कुठे? शेवटी पेट्रोलची ठरली. सासूबाई स्वतः दुकानात येऊन तीन गाड्यांत बसून-उठून आल्या. जिच्यातून कुणाचा हात न धरता उतरता आलं, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं.

एक गोष्ट मात्र मी अडून मागितली. मुलांनो, गाडी आपटून तिची परीक्षा घेतात, हे तुम्हाला माहीत आहे का? माणसांऐवजी आत बाहुल्या बसवतात, गाडी धडकवतात, आणि बाहुल्यांना किती इजा झाली ते मोजून तारे देतात. २०१४ मध्ये आपल्याकडच्या काही लोकप्रिय छोट्या गाड्यांची परदेशी संस्थेने अशी परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना एकही तारा मिळाला नव्हता. २०२३ पासून 'भारत एनकॅप' नावाने आपली स्वतःची परीक्षा सुरू झाली. तीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेचे तारे वेगळे आणि लहान मुलांच्या सुरक्षेचे वेगळे. मी मुलांचे तारे आधी पाहिले. छतातल्या खिडकीचे पैसे वाचवले आणि ते सहा एअरबॅगांवर खर्च केले. मागच्या सीटवर तिघांनाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे, हेही स्वतः बसून पाहिलं.

त्या पट्ट्याची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. छाती आणि कंबर दोन्ही धरून ठेवणारा तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोहलिन या अभियंत्याने तयार केला. कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, म्हणून तो आज जगभरच्या गाड्यांत दिसतो. पण पट्टा नुसता असून काय उपयोग? ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी चांगली महागाची होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघेही दगावले. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे कोण बसतं बरं? बहुतेक वेळा तुम्हीच! चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा मुलांची खास खुर्ची हवीच, असं २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातही लिहिलंय.

आमची गाडी आली. पिवळी नाही, पांढरी आहे. धाकटीने दोन दिवस अबोला धरला, मग आरशाला पिवळी रिबीन बांधून तडजोड केली. थोरला आधी थोडा नाराज होता. पण पेट्रोलचा हिशेब आता तोच ठेवतो. परवा म्हणाला, "आई, या महिन्यात लिटरला साडेअठराच पडले. टायरमधली हवा तपासायला हवी." मला तर पेपरात पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटलं!

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी गाडी नसेल. मी स्वतःही शाळेत स्कूटरवरूनच जाते, आणि गावी जायला आम्हाला अजूनही एसटीच बरी वाटते. गाडी असणं ही काही बक्षीस मिळवल्यासारखी गोष्ट नाही. ती एक गरज आहे, ज्याला लागेल त्याने भागवायची. पण सायकल असो, फ्रीज असो की गाडी, घरात मोठी वस्तू यायची असेल, तेव्हा आई-बाबांजवळ वही घेऊन बसा. "मित्राकडे आहे" असं म्हणण्याआधी "महिन्याला किती लागतील?" असं विचारा.

आणि आई-बाबा, तुम्हालाही एक विनंती. मुलं असा प्रश्न घेऊन आली, तर "तुला काय कळतंय" म्हणू नका. थोडं सरकून त्यांना वहीजवळ जागा करून द्या.