फोन खिशात, नोंद घरात



जुन्या छाटणीचे, जुन्या घडांचे फोटो मी इथं टाकले की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, चार वर्षांपूर्वीचा त्याच ओळीचा फोटो तुम्हाला सापडतो तरी कसा? फोन तर मधे बदलला असेल ना? क्लाउडचे महिन्याला किती भरता?"

क्लाउडचा एक रुपया भरत नाही, कारण क्लाउडवर काही ठेवतच नाही. संध्याकाळी घरी आलो की फोनमधले दिवसभराचे फोटो आणि फवारणीची नोंद घरच्या जुन्या लॅपटॉपवर आपोआप उतरतात. त्याला इंटरनेट लागत नाही, रेंज लागत नाही, रिचार्जही लागत नाही. हे कसं करायचं ते आज जरा सविस्तर लिहितो. खरड छाटणीच्या आधी थोडी उसंत असते, तेवढ्यात बसवून घ्या.

आधी हे कशासाठी, ते सांगतो. द्राक्षवाल्यांना २०१० साल आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे अंश सापडले आणि युरोपात आपली द्राक्षं अडकली. त्यातून एक गोष्ट सगळ्यांना कळली. मण्यात सापडलेला अंश त्याच महिन्यातल्या फवारणीचा असतो असं नाही. खरड छाटणीनंतर वाढ रोखायला मारलेलं औषध वेलीत राहतं आणि पुढं काढणीच्या वेळी तपासणीत दिसू शकतं. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांची डायरी पुरत नाही. एप्रिलपासूनचं सगळं लागतं, आणि वाद निघाला तर मागच्या वर्षीचंही.

गेल्या हंगामात माझ्या एका प्लॉटची काढणी आठवड्यावर आली होती. निर्यातदाराच्या माणसानं सांगितलं, खरड छाटणीपासूनचं तारीखवार फवारणी रेकॉर्ड द्या, औषधाच्या बाटलीवरच्या बॅच नंबरच्या फोटोसकट. त्याच्या चार दिवस आधी माझ्या फोनचा बोर्ड गेला होता. दुकानदारानं उघडून बघितला आणि म्हणाला, यातून आता काही निघणार नाही. पण फोन गेला त्याच्या आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं लॅपटॉपवर उतरलेलं होतं. अर्ध्या तासात यादी काढून दिली. माल वेळेवर पॅकहाऊसला गेला. एका प्लॉटचा माल म्हणजे आमच्या घराचं अख्खं वर्ष असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमच्या शिवारातल्या एका काकांचं उलटं झालं. त्यांचा फोन रोटर मारताना पडला आणि मातीत गेला. फोटो क्लाउडवर जात होते, म्हणजे सुरक्षित असायला हवे होते. पण ते अकाउंट फोन घेताना दुकानातल्या पोरानं काढून दिलेलं. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, आणि ओळख पटवायचा नंबर बंद पडलेल्या सिमचा. तीन हंगामांचे फोटो कुठंतरी आहेत, पण काकांना ते बघता येत नाहीत. गावात अशी किती अकाउंटं असतील, विचार करा.

क्लाउड वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण आपल्याकडचा हिशोब मांडून बघा. आजकालच्या फोनचा एक फोटो साधारण ४ एमबीचा. दिवसाला २५ फोटो काढले तर १०० एमबी. गुगलची मोफत जागा १५ जीबी, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. रोजचे १०० एमबी धरले तर १५० दिवसांत जागा संपली. म्हणजे ऑक्टोबर छाटणीला सुरुवात केली तर काढणी उरकेपर्यंत भरली. शिवाय मळ्यात रेंजची एकच काडी असली की अपलोड रात्रभर गोल फिरत बसतं. फोन आणि लॅपटॉप एकाच खोलीत समोरासमोर असताना फोटो आधी लांबच्या सर्व्हरवर पाठवायचा आणि तिथून परत उतरवायचा, हा उलटा वळसा झाला.

आता प्रत्यक्ष काम. तीन रस्ते आहेत, सोप्यापासून सुरू करतो.

पहिला रस्ता केबलचा. फोन लॅपटॉपला जोडला की तो नुसता चार्ज व्हायला लागतो. वरून नोटिफिकेशन खाली ओढा, यूएसबीच्या पर्यायात "फाइल ट्रान्सफर" निवडा, मग फोन लॅपटॉपवर दिसतो. तरीही दिसला नाही तर केबल बदलून बघा. बाजारात नुसत्या चार्जिंगच्या केबली मिळतात, त्यात डेटाची तारच नसते. फोटो "डीसीआयएम" नावाच्या फोल्डरमध्ये, त्यातल्या "कॅमेरा"त असतात. एकदम दोन-चार हजार फोटो ओढू नका, मधेच अडकतं. दोन-तीनशेचे गट करून घ्या आणि दोन्हीकडचा आकडा जुळवा. केबलचा तोटा एकच. रोज आठवणीनं करावं लागतं, आणि हंगामात नेमकी तीच आठवण राहत नाही.

दुसरा रस्ता "लोकलसेंड" या अ‍ॅपचा. मोफत आहे, फोनवरही चालतं आणि कॉम्प्युटरवरही. दोन्ही एकाच वाय-फायवर असले की एकमेकांना दिसतात आणि फाइल थेट जाते. एखाद्या दिवशी चार फोटो किंवा मोठा व्हिडिओ द्यायचा असेल तर हेच बरं. कृषी सहाय्यक किंवा सल्लागार बांधावर आले तर त्यांच्या फोनवरही असंच देता येतं.

तिसरा रस्ता मी रोज वापरतो तो, "सिंकथिंग". हेही मोफत आणि ओपन सोर्स. कॉम्प्युटरवर सिंकथिंग टाकायचं. अँड्रॉइडसाठीचं त्यांचं मूळ अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे फोनवर "सिंकथिंग-फोर्क" टाकायचं. दोन्ही सुरू केल्यावर कॉम्प्युटरवर एक क्यूआर कोड दिसतो, तो फोननं स्कॅन करायचा. पेमेंटचा करतो तसाच. मग दोन्हीकडून एकमेकांना होकार द्यायचा आणि कुठलं फोल्डर जुळवायचं ते निवडायचं. फोनच्या बाजूला फोल्डरचा प्रकार "सेंड ओन्ली" आणि कॉम्प्युटरच्या बाजूला "रिसीव्ह ओन्ली" ठेवायचा, म्हणजे माल एकाच दिशेनं वाहतो. दोन्ही एका वाय-फायवर आले की काम आपोआप सुरू होतं. मधे कुणाच्या सर्व्हरवर फोटो साठत नाही. सेटिंगमधलं "ग्लोबल डिस्कव्हरी" आणि "रिले" बंद केलं तर फोन आणि लॅपटॉप एकमेकांना घरच्या वाय-फायवरच शोधतात.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे, हे नीट लक्षात घ्या. आमच्या घरात जुना राउटर पडून होता, त्याचा प्लॅन कधीच संपलाय. नुसता इन्व्हर्टरवर लावून ठेवलाय. फोन आणि लॅपटॉप दोघंही त्याला जोडलेले, बास. राउटर नसेल तर घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि तुमचा फोन आणि लॅपटॉप दोन्ही त्याला जोडा. हॉटस्पॉटला काही फोन "मीटर्ड" वाय-फाय समजतात, म्हणून अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये मीटर्ड वाय-फायला परवानगी द्या. आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या अ‍ॅपवरचं बंधन काढा. नाहीतर बॅटरी वाचवायच्या नादात फोन ते मागच्या मागं बंद करतो आणि आपल्याला वाटतं सगळं सुरू आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिंक म्हणजे आरसा आहे, कणगी नाही. आरशासमोर जे आहे तेच आरशात दिसतं. फोनमधून फोटो पुसला की सिंक इमानदारीनं कॉम्प्युटरवरूनही तो पुसतं. "सेंड ओन्ली" ठेवलं म्हणजे पुसणं थांबतं असं नाही, पुसणंही पाठवलं जातं. म्हणून कॉम्प्युटरवर त्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये "फाइल व्हर्जनिंग" मध्ये जाऊन "ट्रॅश कॅन" निवडा. दिवसांच्या जागी शून्य लिहिलं की फोनकडून पुसलेली कुठलीही फाइल कायमची जात नाही, बाजूला ठेवली जाते.

आणि फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर क्रम असा ठेवा. आधी लॅपटॉपवर सिंकच्या बाहेर वेगळं फोल्डर करा. मी त्याला "कोठार" नाव दिलंय. त्यात हंगामाचे फोटो कॉपी करा, आठ-दहा फोटो उघडून बघा, आणि मगच फोनमधले पुसा.

आपले जुने लोक सगळं बियाणं एका कणगीत ठेवत नव्हते. एकीत भुंगा लागला तरी दुसरी राहायची. तसंच हे. फोन आणि लॅपटॉप एकाच घरात, एकाच बोर्डावर चार्जिंगला. वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्ही एकदम जळू शकतात. क्लाउडची खरी ताकद इथंच आहे, ती प्रत आपल्या घरात नसते. आपण ती सोय दुसऱ्या मार्गानं करायची. मी दर महिन्याच्या अमावस्येला, कारण ती विसरत नाही, "कोठार" एका हार्ड डिस्कवर उतरवतो. ती डिस्क गावातल्या बहिणीच्या कपाटात असते. फोनवर एक, लॅपटॉपवर एक, बहिणीकडे एक. तीन झाल्या.

ठेवायचं काय, याबद्दलही दोन शब्द. फवारणीची नोंद अशा अ‍ॅपमध्ये ठेवू नका की ज्यातून फाइल बाहेर निघत नाही. साधी टेक्स्ट फाइल किंवा एक्सेलसारखा तक्ता पुरे. प्लॉट, तारीख, औषध, प्रमाण, पाणी, पीएचआय, मारणाऱ्याचं नाव. अख्ख्या वर्षाची अशी फाइल एका फोटोएवढीही जागा घेत नाही. फाइलच्या नावात तारीख उलटी लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०२५-१०-१२ अशी. कॉम्प्युटर आपोआप ओळीनं लावतो, शोधाशोध होत नाही. आधार, पासबुक, सातबारा यांचे फोटो वेगळ्या फोल्डरात ठेवा. ते शेतीच्या फोटोंत मिसळले की कधी कुणाच्या फोनवर जातील ते कळायचं नाही.

सल्लागार मंडळींसाठी एक विनंती. शेतकऱ्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर पानाचा फोटो मागता तेव्हा त्याला "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते. केवड्याचा तेलकट डाग आणि पानाखालची पांढरी बुरशी मूळ फोटोत मोठी करून दिसते. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत नुसता पिवळा ठिपका दिसतो, आणि मग ठिपक्यावर अंदाजानं औषध लिहिलं जातं. औषध अंदाजानं गेलं की खर्च आमचा.

कधीकधी रात्री मी चार वर्षांचे फोटो शेजारी शेजारी लावून बघतो. तीच ओळ, छाटणीनंतरचा तोच दिवस. खालच्या कोपऱ्यातल्या पंधरा-वीस वेलींची काडी दरवर्षी थोडी थोडी बारीक होत गेलेली दिसली. रोज डोळ्यासमोर असताना ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिथं खणून बघितलं तर पाणी साचत होतं. यंदा चर काढलाय, फरक पडला का ते पुढच्या छाटणीला कळेल. फोटो तयार आहेत.

ज्याच्याकडं लॅपटॉप नाही त्यानं निदान एक पेन ड्राइव्ह घ्या, जी थेट फोनला लागते अशी. महिन्यातून एकदा त्यात उतरवा. आणि या रविवारी एवढं करा. तुमच्या फोनमधलं अकाउंट कुणी काढलंय, पासवर्ड काय आहे आणि त्याला कुठला नंबर जोडलाय, हे तिन्ही वहीत लिहून ठेवा. वही कपाटात ठेवा.