बेरीज चोवीस

केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त आधी सूत्र येते, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक. वर्गात हा क्रम शिकवताना आम्हांला दर वर्षी एक ट्रक आठवतो. आमच्या बाबतीत दृष्टान्त आधी घडला. त्याचा अर्थ लागायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

ट्रक दादाचा. रावेर-सावद्याकडची केळी भरायची आणि भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे करीत वाशीच्या बाजारात उतरवायची, हा त्याचा नेम. १९९०च्या दशकातल्या एका उन्हाळी सुट्टीत आम्ही त्याच्यासाठी कॅसेटचा टेप आणला. टेप १२ व्होल्टचा आणि ट्रकची वीज २४ व्होल्टची. मोठे डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला फार शक्ती लागते. व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो आणि त्याच तारेत वाया जाणारी उष्णता चौथाईवर येते. म्हणून अशा गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ करतात.

मग टेपसाठी बारा कुठून आणायचे? दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या तारेवर ते आयतेच मिळतात. महामार्गावरच्या एका दुकानात ही युक्ती आम्ही पाहिली होती. तिथून एक तार काढून टेपला दिली. दादा खूश झाला. आम्हांला स्वतःच्या बुद्धीचे कौतुक वाटले.

त्या बुद्धीला एवढे कळले नव्हते की टेपचे पत्र्याचे अंग चासीला टेकलेले असते आणि चासी ऋण टोकाला. त्यामुळे असा भार पडतो तो नेहमी खालच्या, चासीला जोडलेल्या बॅटरीवरच. टेपने दोन अँपिअर घेतले तर दहा तासांत तिच्यातून वीस अँपिअर-तास जातात; वरचीतून काहीच नाही. गाडी चालू असताना दोघींचा भरणा एकाच प्रवाहाने होतो, पण त्यातलाही टेपचा वाटा खालचीच्याच तोंडचा जातो. अल्टरनेटरच्या रेग्युलेटरला दिसते ती फक्त बेरीज. एकूण २८ व्होल्ट भरले की त्याचे काम झाले. त्यात खालचीला १३ आणि वरचीला १५ मिळाले, हे त्याला कळत नाही. खालची अर्धपोटी राहते, वरची अति भरून पाणी गमावते.

त्या मे महिन्यात पारोळ्याच्या पुढे दादाने चहासाठी गाडी थांबवली. टेप चालूच होता. आम्ही बरोबर होतो. परत येऊन त्याने सेल्फ मारला. नुसती टकटक झाली. मदत मिळेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तोवर केळी उन्हाने तापली आणि पुढे भाव पडला तो पडलाच. धुळ्यात बॅटरीवाल्याने दोन्ही बॅटऱ्यांची बुचे उघडली, हायड्रोमीटर घातला आणि आमची तार पाहून विचारले, “ही कोणी काढली?” दादा म्हणाला, “आधीपासून आहे भो.”

यावर उपाय अवघड नव्हता. साधा रोध घालून व्होल्ट उतरवता येतात, पण टेपचा आवाज वाढला की प्रवाह वाढतो आणि हिशेब बिघडतो. साध्या रेग्युलेटरने व्होल्ट स्थिर राहतात, मात्र घेतलेली निम्मी वीज उष्णतेत जाते. चांगला मार्ग कन्व्हर्टरचा: तो पूर्ण २४ वरून वीज घेतो, बारा करून देतो, आणि थोडा असो वा फार, भार दोघींवर सारखा पडतो. आता असे कन्व्हर्टर सहज मिळतात.

दृष्टान्त ओढूनताणून लावण्याची खोड आम्हा मास्तरांना असते, म्हणून जपून लिहितो. वडील गेल्यावर घर उभे होते ते दोघा भावांच्या भरवशावर, असे नातेवाईक म्हणत. दादाची शाळा दहावीला सुटली. आम्ही पुण्यात एम.ए. करीत होतो. खाणावळ, पुस्तके, संमेलनाची गाडीखर्ची, प्रत्येक मागणी तशी लहानच असे, आणि जाई एकाच ठिकाणी. घर चालले आहे ना, एवढेच सर्वांना दिसत होते, आम्हांलाही. आम्ही मात्र भरून उकळत होतो. साहित्यावर, समाजावर, समतेवर तावातावाने बोलत होतो.

दादाला आम्ही हे कधी बोललो नाही. त्या रात्रीनंतर त्याने नव्या दोन बॅटऱ्या उधारीवर घेतल्या, तार काढली आणि टेप फडक्यात बांधून घरी ठेवला. पुढचा सबंध हंगाम त्याने गाण्यावाचून गाडी चालवली. आमची मनीऑर्डर दर महिन्याला वेळेवर येत राहिली.