भिंतीपलीकडचा आवाज

आमच्या लहानपणी शेजाऱ्याच्या घरातला आवाज ही तक्रारीची बाब नव्हती. पहाटे पलीकडे जात्याची घरघर सुरू झाली की आई उठत असे. तिला निराळ्या घड्याळाची गरज नव्हती. दुपारी कोठे उखळात मुसळ पडे, संध्याकाळी कोणाचा तरी मुलगा मोठ्याने पाढे म्हणे, आणि एकादशीच्या रात्री गल्लीच्या टोकाकडून टाळांचा नाद येत राही. हे सारे आवाज माणसाच्या हातांच्या आणि कंठाच्या बळावर चालत. हात दमले की जाते थांबे, गळा दमला की भजन थांबे. विजेवरचे यंत्र दमत नाही, आणि आजची अडचण तेथूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट भिंतींची. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांच्या भिंती दगडमातीच्या आणि चांगल्या जाडजूड असत. त्यांतून ऊन आत शिरत नसे, तसा शेजाऱ्याचा आवाजही शिरत नसे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा याच जड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. गणेशविसर्जन आटोपून लोक उशिरा झोपी गेले होते. त्या दिवसापासून जाड भिंतीचे कौतुक करताना माझी जीभ अडखळते. आज आपण विटांच्या पातळ भिंतींच्या घरांत राहतो, ते योग्यच आहे. मात्र पातळ भिंतीआड राहताना शेजाऱ्याशी कसे वागावे, याचा धडा आम्हांला कोणी दिला नव्हता.

नांदेडला माझे घर जुन्या वस्तीत आहे. उत्तरेकडची भिंत माझी आणि शेजाऱ्याची सामाईक. अलीकडच्या एका उन्हाळ्याच्या तोंडी शेजाऱ्याने त्या भिंतीला लागून पत्र्याची शेड उभी केली आणि तीत मिरची कांडण्याचे यंत्र बसविले. फाल्गुन-चैत्र हे वर्षाचा मसाला करण्याचे दिवस. गिऱ्हाइकांची रांग लागे. पहाटे साडेचारला सुरू झालेले यंत्र रात्री अकराला थांबे. कानांवर येणारा आवाज तर होताच, परंतु त्याहून विलक्षण असे काही भिंतीतून आणि जमिनीतून येई. फळीवरची पितळी भांडी किणकिणत, आणि अंथरुणाला पाठ टेकली की ती घरघर पाठीला कळे.

माझ्या पत्नीला त्याच सुमारास रुग्णालयातून घरी आणले होते. डॉक्टरांनी तिला औषधापेक्षाही झोप अधिक सांगितली होती. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "अहो, मला पुन्हा दवाखान्यातच नेऊन ठेवा. तिथं झोप तरी लागत होती." ते शब्द ऐकून माझा संयम सुटला. दिवा लावून मी कागद पुढे ओढला आणि शेजाऱ्याविरुद्ध अर्ज लिहावयास बसलो.

अर्ज लिहावयाचा तर कायदा माहीत हवा. पुढचे चार-सहा दिवस मी तो वाचण्यात घालविले. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, माझ्या गाऱ्हाण्याला कायद्यात नाव आहे. दुसऱ्याला आपल्या घराचा सुखाने उपभोग घेता येऊ नये, असे वर्तन म्हणजे 'उपद्रव'. तो एखाद्याच घराला पोहोचत असेल तर खासगी, आणि वस्तीला पोहोचत असेल तर सार्वजनिक. खासगी उपद्रवाबद्दल दिवाणी न्यायालयात दावा लावून मनाई हुकूम मागता येतो, नुकसानभरपाईही मागता येते. सार्वजनिक उपद्रव हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे अपराध आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमान्वये कार्यकारी दंडाधिकारी असा उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याच्या ३८ व्या कलमाने तर नको असलेले वाद्य किंवा आवाज थांबविण्याचा अधिकार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना दिलेला आहे.

पण मला सर्वांत मोह पडला तो आकड्यांचा. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ याच्या आधारे केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. दिवस मोजावयाचा तो सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. दोन माणसांचे साधे बोलणे साठ डेसिबलच्या आसपास असते, यावरून रात्रीची मर्यादा किती खालची आहे ते समजेल. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ४५ आणि ५५ यांत अंतर दहाचेच दिसते. परंतु डेसिबलचे माप असे आहे की, दहाने आकडा वाढला म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट झाली, आणि विसाने वाढला म्हणजे शंभरपट.

सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा निकालही वाचला. घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्कात गोंगाटापासून मुक्त राहण्याचा हक्क येतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. एकाला बोलण्याचा हक्क आहे, तसा दुसऱ्याला न ऐकण्याचाही आहे. आपल्या घरात कोणी कितीही आवाज करावा, पण तो कुंपणाबाहेर गेला की त्याचा हक्क संपला.

अर्ज तयार झाला. चार पाने भरली. कलमे जागच्या जागी होती आणि ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. पत्नीने तो वाचून घेतला आणि एवढेच म्हटले, "पाठवायच्या आधी एकदा बोलून तर या."

मनात नसताना गेलो. शेजाऱ्याने यंत्र थांबविले, खुर्ची पुसून दिली. मी तक्रार सांगितली. आवाजात मुख्याध्यापकाची जरब आली असावी. तो ऐकून घेऊन म्हणाला, "गुरुजी, राग मानू नका, पण एक बोलू का? आमचे वडील कापड गिरणीत रात्रपाळीला होते. सकाळी घरी येऊन नुकते कुठं डोळे मिटायचे, तर तुमच्या ओसरीत तीस-चाळीस पोरं पाढे म्हणायला लागायची. वडील डोक्यावर उशी घेऊन पडायचे. आम्ही म्हणायचो, गुरुजींना सांगा. ते म्हणायचे, पोरं शिकतात, शिकू द्या."

मी उत्तर देऊ शकलो नाही. अकरा वर्षे मी ओसरीवर शिष्यवृत्तीच्या मुलांचा मोफत वर्ग घेतला होता. त्या कोलाहलाचा मला अभिमान वाटे. भिंतीपलीकडे एक थकलेला माणूस उशीखाली डोके खुपसून पडला आहे, हे अकरा वर्षांत एकदाही माझ्या मनात आले नव्हते. ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याचीही सोय उरली नव्हती.

मग मी पत्नीच्या आजाराचे सांगितले. तिचा आजार इतका आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. आठ दिवसांत त्याने यंत्र सामाईक भिंतीपासून दूर, शेडच्या दुसऱ्या टोकाला नेले, वेगळा चौथरा बांधून त्यावर रबराचे जाड तुकडे घातले, आणि सकाळी आठ ते रात्री आठ अशी वेळ ठरविली. भिंतीतून येणारी घरघर नाहीशी झाली. हवेतून येणारा आवाज उरला, तो सोसण्याजोगा होता. पहाटेची गिऱ्हाइके गेल्याने त्याचे किती नुकसान झाले, हे मी विचारले नाही. विचारावयास हवे होते.

एवढ्यावरच थांबलो असतो, तर बोलून सारे काही मिटते असे मी सांगत सुटलो असतो. पण त्याच वर्षीच्या लग्नसराईत लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या घराला लागून असलेल्या मोकळ्या जागेत मंगल कार्यालय झाले होते, आणि डीजेच्या दणक्याने तिच्या खिडक्यांची तावदाने थरथरत होती. लातूर हे अभ्यासाचे गाव. 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. बहिणीची नात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होती आणि कानांत कापूस घालून वाचीत होती. मी अनुभवी माणसाच्या थाटात सांगितले, "आधी जाऊन बोल." ती म्हणाली, "दादा, दोनदा जाऊन आले. चहा पाजतात आणि म्हणतात, ताई, लग्न काय माणसाच्या आयुष्यात एकदाच असतं."

खरेच होते ते. मात्र बहिणीच्या शेजारी ते दर तिसऱ्या दिवशी असे.

लातूरला गेलो तो अर्जाची चार पाने बरोबर घेऊनच. ध्वनिक्षेपकासाठी प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि बंद सभागृहासारख्या जागा सोडल्यास रात्री दहा ते सकाळी सहा तो लावता येत नाही. सणउत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते; शेजारच्या लग्नाची वरात हा काही त्यातला उत्सव नव्हे. मी बहिणीला एक वही घालून दिली. तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, आवाज कशाचा. रात्री दहानंतर आवाज चालू राहिला की तिने ११२ क्रमांकावर कळवावे असे ठरले. पोलीस येत, आवाज खाली येई, आणि गाडी वळताच पुन्हा चढे. मग लेखी तक्रार करावयाची ठरले, तेव्हा मात्र ती कचरली.

तिची भीती मला पोरकट वाटली नाही. म्हणून मी तिला दोन निकाल सांगितले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारी घेण्याची व्यवस्था उभारण्यास शासनाला फर्माविले. पुढे कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवासी न्यायालयात गेले, तेव्हा २३ जानेवारी २०२५ च्या निर्णयात त्याच न्यायालयाने सांगितले की, पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारू नये, आणि ती कळली तरी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कळू देऊ नये.

बहीण हसली. "दादा, या बोळात चार घरं. नाव झाकून झाकणार किती?" आणि तिने अर्जाखाली स्वच्छ अक्षरांत सही केली. ती पाहून उरलेल्यांपैकी दोन घरांनीही केली. अर्जाची पोच मी मुद्दाम मागून घेतली. पोच नसलेला अर्ज म्हणजे हजेरी न मांडलेला विद्यार्थी.

आता दहाच्या आत वाजविणे थांबते. दिवसाचा आवाज मात्र अजून मर्यादेत नाही. त्यासाठी मोजणी करून घ्यावी लागेल, कदाचित दावाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात; परंतु ती म्हण रचणाराच्या शेजारी मंगल कार्यालय नसावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळतो हे मी तिला सांगून ठेवले आहे. तिने अजून ठरविलेले नाही. कार्यालयाच्या मालकाची आई संध्याकाळी तिच्या पायरीवर येऊन बसत असे. अर्जानंतर ती येईनाशी झाली.

मागच्या खेपेस वही चाळली. शेवटच्या पानावर नोंद होती, 'रात्री ९.५५ ला बंद. नात दीडपर्यंत वाचत होती.' त्याखाली निराळ्या शाईने लिहिले होते, 'त्यांच्या आईला बरे नाही असे कळले. उद्या जाऊन यावे.'