इब्राहिम रौझ्याच्या जाळीतला उजेड

सोलापूरहून विजापूर साधारण शंभर किलोमीटर. सकाळची गाडी धरली की दुपारच्या आत पोहोचता येते. आमच्याकडची बहुतेक कुटुंबे एका दिवसात गोलघुमट, जामा मशीद, मलिक-ए-मैदान तोफ आणि वेळ उरलाच तर इब्राहिम रौझा असे सगळे उरकून रात्री घरी येतात. माझे म्हणणे उलटे आहे. रौझा आधी पाहावा, तोही ऊन चढण्यापूर्वी, आणि निदान दोन तास हातात ठेवून.

दुसरा इब्राहिम आदिलशाह (कारकीर्द १५८० ते १६२७) आणि त्याची बेगम ताज सुलताना यांचा हा मकबरा. शिलालेखात बांधणाऱ्याचे नाव मलिक संदल असे येते. १६२६ च्या सुमारास काम पुरे झाले. एकाच उंच चौथऱ्यावर एका बाजूला मकबरा, समोर मशीद आणि मधोमध हौद. आत राजघराण्यातल्या सहा कबरी आहेत. कबरींचे दालन सुमारे चाळीस फूट चौरस असून त्यावर सपाट दगडी छत आहे. मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे मान वर केली की जरा धसकाच बसतो.

मी मात्र तिथे खिडक्यांसाठी जाते. दालनाच्या भिंतींत दगडी जाळ्या आहेत आणि त्या फुलापानांच्या नाहीत, अरबी अक्षरांच्या आहेत. कुरआनातील आयती दगडात अशा कोरल्या आहेत की अक्षरे दगडाची राहिली आणि अक्षरांमधल्या मोकळ्या जागेतून उजेड आत आला. बाहेरच्या ओवरीत उभे राहिले तर जाळीमागे काळोख असतो, अक्षरे दगडाच्या रंगात मिसळून जातात. आत गेले की ती उजेडावर काळी उमटतात. पण दालन इतके अंधारे की पहिली दोन मिनिटे काहीच उमगत नाही. मग डोळा सरावतो. कबरी दिसतात, छताचे सांधे दिसतात, आणि मान वळवली की आयतही दिसते.

कॅमेऱ्याला हे जमत नाही. डोळ्याची बाहुली क्षणोक्षणी लहानमोठी होते आणि आपण तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेले मेंदू एकत्र जोडतो. कॅमेरा एका फोटोला एकच माप लावतो. दालन दिसेल असे माप लावले तर खिडकीचा पांढरा गोळा होतो, अलिफ-लाम सगळे विरघळते. खिडकीला माप लावले तर अक्षरे सुरेख येतात, पण बाकी सगळा कोळसा. या अडचणीवरचा उपाय म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, म्हणजेच एचडीआर छायाचित्रण. गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी मी त्याचे प्रयोग करत आहे.

रीत सोपी आहे. कॅमेरा हलू द्यायचा नाही आणि एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घ्यायचे. रौझ्याच्या दालनात मी पाच घेते: सेकंदाचा २५० वा भाग, मग ६० वा, १५ वा, चौथा आणि शेवटी पूर्ण एक सेकंद. प्रत्येक पायरीला प्रकाश सुमारे चौपट होतो. लेन्सचे छिद्र आणि आयएसओ पाचही वेळा तेच. घरी आल्यावर संगणकावर पाचही एकत्र करायचे, म्हणजे खिडकी पहिल्या फोटोतून येते आणि कबरींची चादर शेवटच्यातून. ल्युमिनन्स एचडीआरसारखे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरते. हल्लीचे मोबाइल हेच काम खिशात, न सांगता करतात. पण कुठला भाग कुठून घेतला हे मोबाइल विचारत नाही, आणि मला नेमके तेच ठरवायचे असते.

संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. शिवलेल्या कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून नेला की कॅमेरा कट्ट्यावर अगदी घट्ट बसतो. बोटाच्या धक्क्याने हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. आमच्या घरी या तांदळाची पुढे खिचडी होते, हेही सांगून टाकते.

ही कल्पना मुळीच नवी नाही. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्राचे फोटो काढताना आकाशाची एक आणि पाण्याची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून एक चित्र छापले, कारण त्या काळच्या काचेवर दोन्ही एकदम उतरत नसत. आणि त्याच्याही आठ शतके आधी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये लिहून ठेवले की तारे दिवसाही असतात, तीव्र प्रकाश त्यांना झाकतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा काही वेळ पाहू शकत नाही, हेही त्यांनी नोंदवले. नववीच्या वर्गात मी हे सांगते तेव्हा मुले आधी डोळे मिटतात आणि मग उघडतात. प्रयोग तिथल्या तिथे होतो.

गोलघुमटाच्या आतही हे तंत्र चांगले चालते, पण तिथली मजा आवाजाची आहे आणि आवाज काही फोटोत येत नाही. जामा मशिदीत वेगळेच घडते. जमिनीवर २,२५० मुसल्ल्यांच्या चौकटी आखलेल्या आहेत आणि समोर सोन्याच्या रंगाने मढवलेला मिहराब आहे. पाच फोटो घेईपर्यंत माणसे हलतात आणि जोडलेल्या चित्रात त्यांच्या धूसर छाया उरतात. सॉफ्टवेअर त्या पुसू शकते. नमाजाच्या वेळी मात्र कॅमेरा पिशवीत ठेवावा.

एचडीआर बदनाम झाले ते अतिरेकामुळे. ढग जांभळे, दगड प्लास्टिकसारखा, मिनाराभोवती पांढरी कडा. अशी चित्रे कॅलेंडरवर पुष्कळ दिसतात. जेवणात मीठ आहे हे पहिल्याच घासाला कळले तर ते जास्त झालेले असते. रौझ्याचे दालन अंधारेच आहे, ते चित्रातही अंधारेच वाटले पाहिजे. फक्त त्या अंधारात डोळ्याला जे दिसत होते, ते दिसावे.

आयतीच्या बाबतीत तर याहून कडक नियम हवा. उर्दूत खुदा आणि जुदा यांत फरक एका नुक्त्याच्या जागेचा. खिडकीतला तीव्र उजेड पसरून दगडाच्या बारीक रेषा खातो, आणि दाणेदारपणा कमी करणारे सॉफ्टवेअर नुक्त्याला डाग समजून पुसू शकते. आता तर पुसलेली जागा स्वतःच्या अंदाजाने भरून देणारी साधने आली आहेत. फुलाची पाकळी अशी भरली तर कुणाचे काही बिघडत नाही. अल्लाहच्या कलामातले अक्षर यंत्राच्या अंदाजाने भरणे मला मान्य नाही. म्हणून एकत्र केलेले चित्र मी मूळ पाच फोटोंशी ताडून पाहते, आणि मूळ फोटोत नसलेली रेघ ठेवत नाही.

तपासायला माणसेही लागतात. आमच्या खालाजानना तसवीर आवडत नाही, पण यात माणूस नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा मागवला. गुडघ्यांमुळे चौथऱ्याच्या पायऱ्या त्यांना चढता येत नाहीत. विजापूरला जाऊनही त्या दोनदा खालीच बसल्या होत्या. जाळीतले दोन-तीन शब्द त्यांनी ओळखले आणि पुढची आयत सरळ तोंडपाठ म्हटली. किती तरी वेळ त्या चित्र हातात धरून होत्या. मात्र तपासणीसाठी त्यांचा उपयोग होईना, कारण नसलेले अक्षरही त्यांच्या हाफिजेतून येत होते. तेच चित्र सहावीतल्या एका मुलीला दिले. ती बोट ठेवत अक्षर-अक्षर लावत गेली आणि एका जोडाशी अडली. “मॅडम, इथे दात किती आहेत?”

सेकंदाच्या २५० व्या भागाचा, जवळजवळ काळा फोटो उघडून मोठा केला. तीन दात स्वच्छ होते. जोडताना उजेडाने मधला खाल्ला होता. तेवढ्या भागासाठी आता तोच काळा फोटो वापरला आहे आणि मुलगी पुढच्या शब्दावर गेली आहे. दक्षिणेकडची जाळी राहिली आहे. तिथे सहामाहीच्या सुट्टीत, सूर्य खाली आल्यावर जायचे ठरले आहे. या वेळी ती मुलगी आणि तिची अम्मी बरोबर येणार आहेत, तांदूळ त्यांचा.