वस्ताद

आमच्या लातुरात गुणवंतांना भिंती पुरत नाहीत. 'लातूर पॅटर्न'च्या कृपेने चौकाचौकांत मुलांचे फोटो झळकतात आणि खाली, बारीक अक्षरांत का होईना, शिकवणाऱ्याचे नाव असते. मी पडलो मास्तर. माझी नजर आधी त्या बारीक अक्षरांकडेच जाते. वस्तादाच्या नशिबी तेवढेही नाही. नाव पुकारतात ते मल्लाचे. वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा.

निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार आधी आखाड्याच्या मध्यभागी होते. १९६९ साली ते लातुरातच 'महाराष्ट्र केसरी' झाले (लातूर तेव्हा जिल्हाही नव्हता, तो १९८२ चा). १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुल सुवर्णपदक, १९७७ साली बेळगावात सतपालसारख्या बलाढ्य मल्लावर मात. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कोणी उरलेला जन्म सत्काराचे फेटे बांधून घेण्यात घालवला असता. बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवीत बसले.

पैलवानाचे शरीर लवकर थकते. मागे राहते ती नजर. कोणाची मान भक्कम, कोणाची कंबर लवते, आणि पाठ मातीला लागल्यावर कोण डोळे पुसून पुन्हा लंगोट कसतो, हे तिला दिसते. लातूरकडचेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले, अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले आणि पुढे स्वतः वस्ताद झाले. पाटोद्याचा राहुल आवारे बिराजदारांचा चेला. २०११ साली गुरू गेले, तेव्हा तो काकांकडे आला. २०१८ साली गोल्ड कोस्टला मिळालेले राष्ट्रकुल सुवर्णपदक त्याने बिराजदारांनाच वाहिले.

काकांची खरी परीक्षा मला वाटते जानेवारी २०२० मध्ये झाली. बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अखेरची कुस्ती: हर्षवर्धन सदगीर आणि आमच्या लातूरचा शैलेश शेळके. दोघेही त्यांचेच पठ्ठे! अशा वेळी वस्तादाने पाहावे तरी कोणाकडे? आम्हा मास्तरांचे बरे, दोघांनाही पहिला वर्ग देता येतो. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतले.

एक मात्र सलते. घडवणारे मराठवाड्याचे, घडणारेही बरेचसे इकडचेच. तालीम तेवढी पुण्यात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या जत्रेत खंडोबाच्या साक्षीने फड रंगतो. एखादे पोर चमकले, की कोणी जाणता माणूस त्याच्या बापाला बाजूला घेतो आणि म्हणतो, "पोराला पुण्याला धाडा." बाप मान डोलावतो आणि मनातल्या मनात दूध-बदामाचा हिशेब मांडू लागतो.